टेक्ससमध्ये नेमकं कोण वाढतंय?

टेक्सस म्हटलं की आपल्याला काय दिसतं, घोड्यावरचा गोरा काउबॉय, मोठी टोपी आणि तेलाच्या विहिरी. आता हा आकडा बघा. २०१० ते २०२० या दहा वर्षांत टेक्ससमध्ये जवळपास ४० लाख माणसं वाढली, राज्य २ कोटी ९१ लाखांवर गेलं, आणि या ४० लाखांत गोरे किती? दोन लाखसुद्धा नाहीत! (गोरे म्हणजे इथे हिस्पॅनिक नसलेले गोरे, आणि हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळं असलेले लोक. अमेरिकन जनगणनेत हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न वेगळा असतो आणि वंशाचा वेगळा, त्यामुळे आकडे वाचताना भल्याभल्यांचा गोंधळ उडतो.)

हिस्पॅनिक एकटेच जवळपास २० लाखांनी वाढले. २०२२ च्या अंदाजात ते ४०.२ टक्के आणि गोरे ३९.८, म्हणजे अगदी काठावर का होईना, राज्यातला सगळ्यात मोठा गट आता तेच.

यावर लोक लगेच म्हणतात, सगळे बॉर्डर ओलांडून आले असतील. अहो, सॅन अँटोनियो शहर स्पॅनिश लोकांनी १७१८ मध्ये वसवलं, १८२१ पासून १८३६ पर्यंत हा सगळा भाग मेक्सिकोत होता, अमेरिकेत आला तो १८४५ ला. काही तेहानो (म्हणजे टेक्ससमधली जुनी हिस्पॅनिक) घराणी त्याच्याही आधीपासून तिथेच राहतायत, त्यांना कुठली बॉर्डर ओलांडायला लावणार? बाहेरून येणारे आहेतच, नाही असं नाही, पण आजची वाढ बरीचशी तिथेच जन्मलेल्या पोरांची आहे. राज्यातली १८ वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं हिस्पॅनिक आहेत आणि त्यातली बहुतेक जन्माने अमेरिकन.

ब्लॅक टेक्सन साधारण १२ टक्के. त्यांचा इतिहास कोणी हौसेने येण्याचा नाही. १८५० च्या जनगणनेत राज्यात २ लाख १२ हजार लोक होते आणि त्यातले ५८ हजार गुलाम. गुलामी संपल्याचा हुकूम गॅल्व्हेस्टनमध्ये वाचला गेला १९ जून १८६५ ला, लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी.

टक्केवारीत सगळ्यात जोरात धावतायत ते एशियन. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित ह्यूस्टनकडे आले, कोळंबीच्या बोटी घेऊन समुद्रात उतरले, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेने त्यांना धमकावलं आणि १९८१ मध्ये कोर्टाला मध्ये पडावं लागलं. आता प्लेनो, फ्रिस्को, आयर्विंग, शुगर लँड इथे भारतीय भरलेत, कारण साधं आहे, आयटीतल्या नोकऱ्या, राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि कॅलिफोर्नियापेक्षा घरं स्वस्त. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, कोणाचा ना कोणाचा भाचा डॅलसला निघतोच.

पण अख्खं राज्य फुगतंय असं समजू नका हं. २५४ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, त्यातल्या १४३ मध्ये त्या दहा वर्षांत माणसं कमी झाली. लव्हिंग काउंटीत तर २०२० ला मोजून ६४ माणसं! गर्दी सगळी डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियो या पट्ट्यात.

आता मला खरी इंटरेस्टिंग वाटते ती पुढची गोष्ट. लोकसंख्या वाढली म्हणून टेक्ससला अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, दोन जागा जादा मिळाल्या, ३६ च्या ३८ झाल्या. वाढ कोणामुळे झाली ते आत्ताच पाहिलं, पण २०२१ मध्ये मतदारसंघ आखले तेव्हा या दोन्ही नव्या जागांवर बहुमत गोऱ्या मतदारांचं ठेवलं गेलं. हिस्पॅनिकांमध्ये मुलं जास्त, काही जण अजून नागरिक नाहीत, त्यामुळे डोकी जास्त असली तरी मतं तितकी नाहीत, हे आहेच, पण मतदारसंघांचा नकाशा आखणाऱ्यांचा, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचा, हातही काही कमी नाही. २०२५ मध्ये तर नवी जनगणना झालेली नसतानाही त्यांनी तो नकाशा पुन्हा आखला.