पेठांची उंची ठरवतं कोण?

पेठांमध्ये उंच इमारतींना परवानगी द्यावी का, यावर बोला असं संयोजकांनी सांगितलं. मी येतो म्हणालो, पण मजले मोजणार नाही असंही बजावलं. पुण्यात हा वाद कायम मजल्यांवरूनच पेटतो. एक म्हणतो सहाच ठेवा, दुसरा म्हणतो बाराने काय बिघडतं! खरं सांगू का, कसबा किंवा शनिवार पेठेतून चालताना मान वर करून बाराव्या मजल्याकडे बघतो कोण? आपल्याला दिसतो तळमजला. आणि पेठेतला तळमजला आज पार्किंगचे नियम ठरवतात.

वाड्याची जागा डोळ्यांपुढे आणा. रस्त्याकडचं तोंड वीस-पंचवीस फूट, मागे लांबी त्याच्या तिप्पट-चौपट. भिंत थेट रस्त्याला लागून. दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, मागे दुसरा चौक आणि आड. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना दुकानं: एकीकडे पिठाची गिरणी, दुसरीकडे घड्याळं दुरुस्त करणारा. माडीवर मालक आणि बाकी सगळीकडे भाडेकरू. एकेका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं सहज नांदायची. दोन-तीन मजल्यांतही पेठा दाटच होत्या, हे विसरू नका.

हे वाडे गेले कसे? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली मातीची बांधकामं बसली. उरलेल्या वाड्यांना भाडेनियंत्रणाने हळूहळू पोखरलं. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. वर्षाच्या भाड्यात कौलंही शाकारून होईनात. नवा कायदा २००० साली लागू झाला, तोवर तुळया वाकलेल्या होत्या. मालकांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही.

शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांची तऱ्हा तर आणखी निराळी. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, हे २०१० च्या कायद्याने पक्कं केलं. डागडुजी करता येते, तीही परवानगी काढून. पण ज्या वाड्याला टेकू लावलेत त्याची डागडुजी म्हणजे नेमकं काय करायचं? वारशाच्या नावाने केलेला नियम शेजारचा वारसा पडू देतो.

आता नियमात बसणारा एक साधा वाडा घ्या. जागा दोन गुंठे, म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. मालक आणि आठ भाडेकरू धरून नऊ घरं द्यायची आहेत, वर बिल्डरला विकायला काही उरायला हवं. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात, आणि ती वळवायला जवळजवळ तेवढीच जागा. जिना, लिफ्ट, मीटरची खोली, पाण्याची टाकी, सामासिक अंतरं म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, हे सगळं वजा करा. तळमजल्यावर चार-पाच गाड्या कशाबशा बसतील. मग बिल्डर सांगतो, शेजारचे दोन वाडेही घेऊ. तिन्ही जागा एकत्र होतात, मधला बोळ बुजतो, एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, एकाच ठिकाणी चढतो आणि इमारत उंच जाते. उंचीचा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. गाड्यांची सोय लावताना ती आपसूक वाढते.

सकाळी नऊला अशा इमारतीसमोर उभे राहा. गिरणी होती तिथे रॅम्प, घड्याळवाला होता तिथे लोखंडी फाटक आणि वॉचमनची खुर्ची. यांत्रिक पार्किंगचा भोंगा वाजतो, वरची गाडी साखळ्यांवर कुरकुरत खाली येते. तोवर गाडीचा मालक घड्याळ बघतो आणि बोळात सात-आठ दुचाकी हॉर्न वाजवत खोळंबतात. फुटपाथ रॅम्पने खाल्लेला, म्हणून आजी रस्त्याच्या मधून चालतात.

अशा वेळी पॅरिसचा दाखला हटकून निघतो. १९७३ साली तिथे माँपार्नासचा २०० मीटरहून उंच मनोरा उभा राहिला. लोक वैतागले आणि १९७७ मध्ये उंचीची कमाल मर्यादा ३७ मीटरवर आली, मध्यभागात त्याहूनही कमी. दाखला खरा आहे. पण ३७ मीटर म्हणजे जवळजवळ बारा मजले, तेवढं आपल्या पेठेत झालं तर आपण मोर्चा काढू. तिथल्या जुन्या वस्तीत इमारत रस्त्याला भिडते आणि खाली दुकान असतं, हे मात्र दाखला देणारे सांगत नाहीत.

उपनगरांत, खराडी-बाणेरला मनोरे बांधायला माझी हरकत नाही. पाणी टँकरने आणावं लागणार नसेल तर खुशाल बांधा. पेठांसाठी माझं मागणं वेगळं आहे. लहान जागेवर पार्किंगची सक्ती काढा. दर्शनी भिंत रस्त्यालगत राहू द्या, खाली दुकानं सक्तीची करा आणि वर चार-पाच मजले द्या. भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत गेली. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानकं पेठांच्या पोटात आहेत. त्यावर सार्वजनिक पैसा ओतायचा आणि शेजारच्या घरांना गाड्यांची जागा सक्तीने बांधायला लावायची, हा हिशेब मला कळत नाही.

“मग गाडी कुठे लावायची?” हा प्रश्न मागच्या रांगेतून येणारच. महापालिकेने वाहनतळ बांधावेत आणि ज्याला गाडी हवीच त्याने तिथे महिन्याचं भाडं भरून लावावी. दर महिन्याला खिशातून पैसे जायला लागले की दुसरी गाडी घेण्याचा बेत लांबणीवर पडतो, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतोय.