पहिला धडा पडण्याचा

श्रोतेहो, नमस्कार. गुलमर्गच्या उतारावर नवख्यांना स्की शिकवायला लागून मला सहा हिवाळे झाले. नाशिकला घरी आले की शेजारीपाजारी विचारतात, "तिथं नेमकं काय करतेस गं?" मी सांगते, पहिला अख्खा दिवस लोकांना पडायला आणि उठायला शिकवते.

पडायचं ते कुशीवर, डोंगराच्या बाजूला. मग दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या आणि मगच उठायचं. नाहीतर अर्धवट उठलेल्या माणसाला घेऊन त्या खाली पळतात. त्यानंतर शिकवायचा स्नोप्लाऊ. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर ढकललेल्या, म्हणजे आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. सांगायला सोपं आहे. पण भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि घात होतो तो तिथेच. वजन टाचांवर गेलं की पुढची टोकं हलकी पडतात, स्की वळायचं नाव घेत नाहीत.

गेल्या वर्षी साताऱ्याचे एक काका आले होते, साठीचे. दोन दिवस नुसते मागे रेलत होते. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काका, सज्जनगडच्या पायऱ्या चढताना कसे पुढे झुकता? तसेच इथं उतरताना झुका." त्यांच्याकडे तोंड करून मी उलटी सरकत राहिले. नडग्या बुटाला टेकल्या आणि काका वळले! एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्या दोन वळणांसाठी मी दरवर्षी इथं येते.

मला शिकवलं ते टंगमर्गकडच्या एका उस्तादांनी. त्याच भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. इथल्या कितीतरी घरांची चूल बर्फावर पेटते. २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस. धंद्याचे दिवसही तेच. जानेवारी २०२४ मध्ये मात्र गुलमर्गचं मैदान तपकिरी, कोरडं पडलं होतं. आमची मजुरी रोजावर असते. बर्फ नाही तर शिष्य नाहीत, शिष्य नाहीत तर पैसे नाहीत. उस्ताद रोज सकाळी स्कीच्या कडांना धार लावायचे, तळाला मेण चोळायचे आणि दारात उभे राहून समोरच्या अफरवट डोंगराच्या माथ्याकडे बघायचे. बर्फाला काश्मिरीत शीन म्हणतात. महिन्याच्या अखेरीस एका पहाटे त्यांनी माझं दार ठोठावलं, आणि तेवढा एकच शब्द उच्चारला.