सीटची कव्हरं आणि सी श्रेणी

(दृश्य: काळोखातला रंगमंच. एकेक शिवणयंत्र सुरू होतं.)

संगीत नाटक म्हटलं की आपल्या कानात आधी ऑर्गनचा सूर घुमतो. 2014 साली लंडनच्या अडेल्फी थिएटरमध्ये आलेल्या 'मेड इन डॅगनम' या संगीतिकेत गाणाऱ्या बायका बसल्या होत्या शिवणयंत्रांपुढे. नेपथ्यही गमतीचं. मुलं प्लॅस्टिकच्या चौकटीतून सुटे भाग तोडून खेळण्यातली मोटार जोडतात ना, तशा भल्यामोठ्या चौकटी रंगमंचावर. नायिका रीटा ओ'ग्रेडी झाली होती जेमा आर्टर्टन. रीटा काल्पनिक आहे. ज्या बायकांच्या संपावर ही संगीतिका आहे, तो मात्र घडलेला.

(दृश्य: फोर्ड कारखान्याची कृष्णधवल छायाचित्रं.)

पूर्व लंडनमधलं डॅगनम. थेम्सच्या काठी फोर्डचा अवाढव्य कारखाना. इथल्या बायका मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायच्या. जाड कापडाचे तुकडे एकावर एक धरायचे, वळणावर शिवण सुटू द्यायची नाही, आणि हे सगळं भराभर. जरा नजर हलली की सुई बोटात. कामावर घेताना त्यांना मशीनवर बसवून परीक्षा घेतली जायची. म्हणजे हात बसलेला आहे की नाही, हे कंपनी आधी पारखून घ्यायची. पगाराची वेळ आली की मात्र हे काम कौशल्याचं नव्हे!

कामांची नवी वर्गवारी झाली तेव्हा या बायकांना बी, म्हणजे कमी कौशल्याच्या, श्रेणीत टाकलं. त्या म्हणत होत्या, आमचं काम सी, म्हणजे त्याहून वरच्या कौशल्याच्या, श्रेणीचं. त्यातही बी श्रेणीतल्या पुरुषाला मिळणाऱ्या दराच्या 85 टक्केच त्यांच्या हातात पडायचे. एक तर खालची पायरी, आणि तिथेही पुरुषाच्या मागे.

7 जून 1968. 187 जणींनी मशीन बंद केली आणि त्या बाहेर पडल्या. पुढे लिव्हरपूलजवळच्या हेलवूड कारखान्यातल्या बायकाही आल्या. सीट नाही तर गाडी नाही, हा हिशेब साहेबांना लवकरच उमगला. उत्पादन ठप्प झालं. पुरुष कामगारांनाही घरी बसावं लागलं, आणि संगीतिका खरी रंगते ती इथे. रीटाचा नवरा एडी त्याच कारखान्यातला. बाहेर घोषणा आणि घरात धुसफुस, अशी तिची ओढाताण.

(दृश्य: रस्त्यावर निदर्शनं. एक फलक.)

या संपातला सर्वांत विनोदी प्रसंग कुठल्या लेखकाला सुचलेला नाही. 'वुई वॉन्ट सेक्स इक्वॅलिटी', म्हणजे स्त्री-पुरुष समानता हवी, असा फलक घेऊन बायका लंडनच्या सरकारी कचेऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. फलक पुरता उलगडलाच नाही. शेवटचा शब्द घडीत अडकला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचले ते पहिले तीन!

28 जूनला रोजगारमंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांना बोलावलं. चहा झाला, तडजोड झाली. पुरुषांच्या दराच्या 92 टक्के. तीन आठवड्यांचा संप मिटला. रंगमंचावर पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पार विदूषक केलाय, ते जरा जास्तच वाटतं. कॅसल मात्र ठसक्यात गातात. पुढे 1970 मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. तो लागू व्हायला 1975 चा डिसेंबर उजाडला.

(दृश्य: प्रेक्षागृहात टाळ्या. मग शिवणयंत्राचा एकच आवाज.)

टाळ्यांच्या कडकडाटात एक गोष्ट निसटते. 92 म्हणजे 100 नव्हेत. आणि ज्या श्रेणीवरून हे सगळं पेटलं होतं, ती त्यांना मिळालीच नव्हती. 1984 साली डॅगनममधल्या शिवणकाम करणाऱ्या बायका पुन्हा संपावर गेल्या, या वेळी सहा आठवडे. सी श्रेणी मिळाली ती त्यानंतर. तोवर कागदावर बी आणि मशीनवर सी, अशीच कव्हरं शिवली जात होती.