हा ग्रह कोणत्या वर्गातला, हे कोण ठरवतं?

(फोंडा इथे विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

तुमच्या कथांचे आराखडे मी मन लावून वाचले. जवळजवळ प्रत्येकात एक तक्ता आहे. हा बर्फाचा ग्रह, हा वाळवंटी, हा जंगलांचा, हा नुसता समुद्राचा. तक्ता करायची ही ओढ मला फार आवडते. नवं विश्व उभं करायचं तर तिथल्या माणसांनी त्याची वर्गवारी कशी लावली, हे लेखकाला ठाऊक हवंच. माझं म्हणणं एवढंच आहे, की तक्ता भरण्याआधी तो कोणी केला आणि कशासाठी केला, हे ठरवा. वर्ग काही ग्रहाच्या अंगावर लिहिलेला नसतो.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण घेऊ. 'स्टार ट्रेक' ही मालिका 1966 साली सुरू झाली. (आपली मराठी विज्ञान परिषद त्याच वर्षीची, आणि दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही.) या मालिकेत ग्रहांना इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. एम वर्ग म्हणजे पृथ्वीसारखा, जिथे माणूस साध्या कपड्यांत उतरून श्वास घेऊ शकतो. डी म्हणजे उजाड खडक, जे म्हणजे वायूचा राक्षसी गोळा. के वर्गाच्या ग्रहावर दाब राखणारे घुमट बांधून राहता येतं. एल वर्गावर जेमतेम निभाव लागतो. वाय वर्ग इतका विषारी आणि तापलेला, की त्याला सैतानी वर्ग असंच म्हणतात.

आता ही अक्षरं बाजूला ठेवा आणि त्यांच्या मागचा प्रश्न शोधा. तो एकच आहे: आम्ही खाली उतरलो तर जगू का? एका अंतराळयानावरच्या माणसांनी केलेली ही वर्गवारी आहे, आणि त्यांच्यासाठी ती चोख आहे. तिच्यामागे आणखीही एक कारण होतं. 1964 साली या मालिकेचा जो मूळ आराखडा मांडला गेला, त्यात पृथ्वीशी मिळतीजुळती जगं दाखवली तर तयार नेपथ्य, कपडे आणि नट वापरता येतील, खर्च आटोक्यात राहील, असा हिशेब स्पष्ट लिहिलेला होता. म्हणजे कथेतल्या कप्तानाची गरज आणि निर्मात्याची गरज एकाच अक्षरात येऊन बसली.

आपल्या गोव्यातल्या शेतकऱ्याने हेच केलंय. भातजमिनीचे त्याने मरड, खेर आणि खाजन असे प्रकार पाडले. मरड उंचावरची, खेर वाळूमिश्रित, खाजन खाडीकाठची, भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली. मातीचं रासायनिक पृथक्करण काय सांगतं हा त्याचा प्रश्नच नव्हता. पाणी किती, कुठून आणि किती खारट, एवढं कळलं की कुठे कोरगुट, म्हणजे खारं पाणी सोसणारा भात, पेरायचा ते ठरतं. त्यातही खाजनाची गंमत बघा. पावसाळ्यात तिथे भात, आणि बांधातल्या मानशीचं दार उघडून खारं पाणी आत घेतलं की तिथेच मासळी. जमीन तीच, पण हंगामाप्रमाणे तिचं काम बदलतं. तुमच्या तक्त्यांत हे मला कुठेच दिसलं नाही. तुमचा बर्फाचा ग्रह बारा महिने, एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत बर्फाचाच आहे.

खुद्द पृथ्वीला एम वर्गाची कसोटी लावून पाहू. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. तिच्या हवेत ऑक्सिजन साचू लागला तो साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही सुरुवातीला अगदी थोडा. तोवर समुद्र होते, समुद्रात सूक्ष्म जीव होते, पण माणूस तिथे उतरला असता तर काही मिनिटांत गुदमरला असता. आयुष्याचा निम्म्याहून बराच जास्त काळ पृथ्वी एम वर्गात बसत नव्हती, आणि तरी ती जिवंत होती. या एका वाक्यावर अख्खी कथा उभी राहू शकते.

शनीचा चंद्र टायटन याहून अडचणीचा आहे. 14 जानेवारी 2005 रोजी हायगेन्स हे यान त्याच्यावर उतरलं. तिथल्या हवेत मुख्यत: नायट्रोजन आहे, दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट, तापमान उणे 179 अंश सेल्सियसच्या आसपास, आणि ध्रुवांकडे द्रव मिथेनची सरोवरं. म्हणजे दाबाचा पोशाख तिथे लागणारच नाही. प्राणवायूचा मुखवटा आणि भयंकर थंडीला तोंड देणारे कपडे लागतील. मग याला कुठलं अक्षर द्याल? घुमट दाबासाठी नको, उबेसाठी हवा. 'जगू का?' या एका प्रश्नाचे तिथे तीन तुकडे होतात: दाब, श्वास, ऊब. शिवाय टायटन चंद्र आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 2006 साली प्राग इथे ग्रहाची व्याख्या ठरवली, त्यात तो बसत नाही. पण उतरणाऱ्या माणसाला त्याचं काय?

खरे खगोलशास्त्रज्ञ दूरच्या ग्रहांची वर्गवारी कशी करतात, इथे थोडं थांबू या, कारण कल्पनेला सगळ्यांत जास्त खाद्य इथेच आहे. त्यांना ग्रह दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. बहुतेक वेळा दिसतो तो ताऱ्याचा मंदावलेला प्रकाश. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर प्रकाश साधारण 1 टक्क्याने घटतो. पृथ्वीएवढा असेल तर 0.01 टक्क्यानेही नाही. त्यावरून त्रिज्या कळते. ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो, त्यावरून वस्तुमानाचा अंदाज येतो. दोन्ही मिळाले की घनता, आणि घनतेवरून खडक की वायू याचा तर्क. एवढ्यावर वर्ग ठरतो. 1995 मध्ये 51 पेगासी या ताऱ्याभोवती गुरूसारखा ग्रह सापडला, तो 4.2 दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. असा 'तप्त गुरू' आपल्या सूर्यमालेच्या कुठल्याही तक्त्यात नव्हता. त्यासाठी नवा रकाना करावा लागला. पुढे 2000 साली डेव्हिड सुदार्स्की आणि सहकाऱ्यांनी वायुग्रहांचे पाच वर्ग सुचवले, तेही तापमानाप्रमाणे ढग कशाचे असतील यावर: अमोनियाचे, पाण्याचे, मग ढगच नसलेले, त्याहून तप्त ग्रहांत सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंचा ठसा असलेले, आणि सर्वांत तप्त ते सिलिकेटचे, म्हणजे जवळजवळ खडकाचेच ढग असलेले.

मला स्वत:ला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो मधल्या मापाच्या ग्रहांचा शोध. पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या आकाराचा एकही ग्रह आपल्याकडे नाही. पण केप्लर दुर्बिणीला सर्वांत जास्त सापडले ते याच मापाचे. 2017 साली त्या माहितीची बारकाईने छाननी झाली, तेव्हा पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येच्या दरम्यान एक मोकळी जागा दिसली. त्याच्या अलीकडे खडकाळ ग्रहांचा घोळका, पलीकडे जाड वायूची दुलई पांघरलेल्या ग्रहांचा. मधल्या मापाच्या ग्रहांची दुलई ताऱ्याच्या तीव्र किरणांनी किंवा ग्रहाच्या पोटातल्या उष्णतेने उडून जात असावी, अशी त्याची स्पष्टीकरणं आहेत. बघा, ही सीमारेषा कोणी आखलेली नाही, ती मोजमापातून आपोआप उमटली. तुमच्या विश्वात अशी एखादी रेषा असेल, तर तिचं कारण तुम्हाला माहीत हवं, पात्रांना नसलं तरी चालेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वर्ग दिला, की त्या ग्रहाचं काय करायचं हेही ठरून जातं. एप्रिलमध्ये आपल्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन उभे राहा. काळपट जांभा, चटके देणारा, गवताची वाळलेली काडी. परग्रहावरून आलेलं यान तिथे उतरलं तर बिनदिक्कत 'डी वर्ग, उजाड' असं लिहून मोकळं होईल. त्याच कातळावर ऑगस्टमध्ये गुडघे टेकून पाहा. बोटभर खोल पाण्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, ज्यांची पाण्याखालची सूक्ष्म पिशवी पाण्यातले जीव शोषून घेते. शेजारी दवबिंदूचं लालसर रोप, पानांवरच्या चिकट थेंबांत अडकलेली चिलटं. खडकात अन्न नाही, म्हणून झाडंच शिकारी झालेली. आणि या जागेला आपण सर्रास पडीक म्हणतो. डिचोली-सत्तरीतल्या मुलांना वेगळं सांगायला नको, की एकाच डोंगराला खाणवाला लोखंडाच्या टक्क्यांवरून वर्ग देतो आणि गावकरी पायथ्याच्या झरीवरून. दोघांचंही मोजमाप खरं असतं. डोंगराचं काय होणार, हे मात्र कोणाचा तक्ता सरकारदरबारी मान्य होतो त्यावर ठरतं.

अंतराळातही अशी वर्गवारी आज अस्तित्वात आहे, आणि तिच्यावर कथा फार कमी लिहिल्या जातात याचं मला वाईट वाटतं. 1967 च्या बाह्य अवकाश कराराने इतर जगं दूषित न करण्याचं बंधन घातलं. त्याला धरून कोस्पार ही आंतरराष्ट्रीय समिती मोहिमांचे पाच वर्ग करते. तिथे जीवसृष्टीच्या दृष्टीने काही सापडण्याची शक्यता किती, आणि यान नुसतं जवळून जाणार, उतरणार की परत येणार, हे त्यात पाहिलं जातं. गॅलिलिओ यानातलं इंधन संपत आलं, तेव्हा ते भरकटून गुरूच्या युरोपा या चंद्रावर आदळू नये म्हणून 2003 मध्ये मुद्दाम गुरूच्या वातावरणात सोडून जाळलं. 2017 मध्ये कॅसिनी यानाला याच कारणाने शनीत लोटलं, त्याचे चंद्र एन्सेलाडस आणि टायटन यांना जपण्यासाठी. या चंद्रांवर जीव आहेत असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. नुसती शक्यता आहे, आणि तेवढ्यावर माणसाने चालू यानाची आहुती दिली. ही वर्गवारी 'आम्ही तिथे जगू का?' असं विचारत नाही. 'आमच्यामुळे तिथलं काही मरेल का?' असं विचारते.

म्हणून तुमच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा. हा वर्ग कोणी दिला? कधी आणि किती दुरून पाहून दिला? आणि तो बदलायचा अधिकार कोणाकडे आहे? तिसऱ्या रकान्यात तुम्हाला तुमचा खलनायकही सापडेल आणि नायिकाही.

मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारलं, अक्षरं वापरावी की नावं? दोन्ही वापर. दुरून पाहणाऱ्या खात्याच्या कागदावर अक्षर असू दे. तिथे जन्मलेल्यांच्या तोंडी आपल्या जागेची नावं असू देत. तुझ्या कथेतल्या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे आहे. खात्याच्या दृष्टीने तो अख्खा एकाच वर्गातला. पण कायमच्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या त्या लोकांना उजेडाच्या प्रत्येक छटेला वेगळा शब्द लागेल, कारण कुठल्या छटेत काय पिकतं हे त्यांना माहीत असणार. ते शब्द आधी तयार कर. खात्याचं अक्षर शेवटी लिही.