ग्रियो संपलं की कळतं

नमस्कार मंडळी. जेवणाच्या आधीचा स्लॉट मला दिलाय, तेव्हा पोटातल्या कावळ्यांची आधीच माफी मागतो.

आज सांगतोय ते हैतीच्या, म्हणजे कॅरिबियनमधल्या त्या छोट्या देशाच्या, जेवणाबद्दल. तर न्यूयॉर्कच्या सबवेची २ किंवा ५ नंबरची गाडी पकडायची आणि ब्रुकलिनमध्ये शेवटच्याच्या आधीच्या स्टेशनला उतरायचं. २०२१पासून त्या स्टेशनचं नावच न्यूकर्क अव्हेन्यू–लिटल हैती आहे. तिथल्या एका हैतीयन खाणावळीत मी पहिल्यांदा गेलो तो शनिवारी रात्री साडेआठला, आपण कसे निवांत जेवायला निघतो तसा, आणि काउंटरवरच्या मावशी प्रत्येक पदार्थाला एकच उत्तर देत होत्या, पा गें. म्हणजे संपलं, नाही. ग्रियो? पा गें. मग भात आणि वर घेवड्याचं दाट सार, त्याला ते सोस प्वा म्हणतात, एवढं खाऊन चरफडत घरी आलो.

नंतर कळलं की चूक माझीच. ग्रियो म्हणजे डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे, त्यांना आंबट संत्र्याचा रस आणि एपिस चोळायचं, एपिस म्हणजे त्यांचं हिरवं वाटण, लसूण, पार्सली, कांद्याची पात, थाईम असं सगळं. हे मुरायला ठेवायचं, मग मऊ शिजवायचं, आणि मग परत तळायचं. आता हे रात्री नऊला माझ्यासाठी कोण नव्याने घालणार? केळ्याचंही तेच, बनान पेझे. कच्च्या केळ्याचे जाड काप एकदा तळले, दाबून चपटे केले, पुन्हा तेलात. कडा कुरकुरीत आणि मधे पिठूळ. गरम असतानाच खायचे, गार झाले की पुठ्ठा.

सोबत पिकलीझ. दिसायला कोबी-गाजराची कोशिंबीर, पण व्हिनेगरमध्ये स्कॉच बॉनेट मिरचीबरोबर मुरलेली. माझ्या एका कोल्हापुरी मित्राने "हे काय तिखट" म्हणत चमचाभर तोंडात टाकलं आणि पुढची दहा मिनिटं तो फक्त नाक पुसत होता. तेलकट ग्रियोवर चिमूटभरच घ्यायची हो.

काळा भात मागवाच, दिरी जोन्जोन. वाळलेले मशरूम भिजवून त्यांचं काळं पाणी भाताला वापरतात, मशरूम टाकून देतात. शाकाहारी लोकांनी लेगीम बघून भुलू नये, वांग्याच्या भरतासारखं दिसतं पण आत बहुतेक वेळा बीफ किंवा खेकडा असतो, विचारून घ्या.

आणि सूप जुमू. लाल भोपळ्याचं, बीफ घातलेलं. हैतीत फ्रेंच मळेवाल्यांच्या काळात गुलामांनी शिजवायचं पण खायचं नाही, म्हणून १ जानेवारी १८०४ला देश स्वतंत्र झाल्यापासून दर १ जानेवारीला घरोघर हेच. २०२१मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही आलं. एरवी बऱ्याच ठिकाणी रविवारीच मिळतं, तेही सकाळी, त्यामुळे लवकर जा, काउंटरवरच्या मावशी आहे म्हणाल्या तर दोन सांगा, एक पार्सल. चला, तिकडे पानं मांडलेली दिसतायत मला.