एकाच रिपोर्टमधल्या दोन ओळी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये हल्ली दोन ओळी वारंवार जोडीनं येतात: 'फॅटी लिव्हर, ग्रेड एक' आणि 'पित्ताशयात खडे'. दुसरी ओळ वाचली की घरात धावपळ सुरू होते. पहिलीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, "ते काय, सगळ्यांनाच असतं!" मला मात्र ती पहिली ओळ जास्त महत्त्वाची वाटते.

पित्त तयार करतं यकृत. पित्ताशय ते फक्त साठवतं आणि आटवून दाट करतं. पित्तातलं कोलेस्टेरॉल विरघळलेलं राहतं ते पित्तातल्याच पित्तक्षार आणि लेसिथिन या घटकांच्या जोरावर. ते मावेनासं झालं, की चहात जास्त झालेली साखर तळाशी बसावी तसे त्याचे स्फटिक बनतात, आणि त्यांचेच पुढे खडे होतात.

आता हे कोलेस्टेरॉल का वाढतं? पोट सुटलेलं, साखर काठावर, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, अशा माणसाचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. मग चरबीच्या साठ्यातून फॅटी ॲसिड सुटून यकृताकडे येतात, शिवाय यकृत स्वतःही चरबी बनवत राहतं. पाच टक्क्यांहून जास्त यकृतपेशींत चरबी साठली, की ते झालं फॅटी लिव्हर. हेच यकृत पित्तातही जादा कोलेस्टेरॉल सोडतं. उंदरांच्या यकृतातले इन्शुलिनचे ग्राहकच (पेशींवरचे, इन्शुलिनचा संदेश घेणारे रिसेप्टर) काढून टाकून पाहिले, तेव्हा कोलेस्टेरॉल पित्तात ढकलणारे वाहक वाढले, आणि खडे होतील असा आहार दिल्यावर ते भराभर झालेही. त्यात पित्ताशय सुस्तावलेलं असेल तर विचारूच नका.

म्हणजे खड्यांमुळे लिव्हर फॅटी होत नाही. दोन्हींचं मूळ बरेचदा एकच असतं. बरेचदा, नेहमी नव्हे. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्यांच्यात तांबड्या पेशी सतत फुटतात आणि रंगद्रव्याचे काळे खडे होतात. तिथे वजनाचा, चरबीचा काही संबंध नाही. अशा सडपातळ पोरीला "तेलकट कमी खा" म्हणून पाठवणं हा शुद्ध आळस आहे.

शस्त्रक्रियेचं म्हणाल, तर 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि तिथून आपल्याकडे ही वाट रुळली. आता ती इतकी सोपी वाटते, की काहीच त्रास नसलेले लोकही "काढूनच टाका" म्हणतात. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा हात लावत नाहीत. उजव्या बरगडीखाली तासन्‌तास कळ, ताप किंवा कावीळ असेल, तर मात्र ॲसिडिटीच्या गोळ्या खात घरी बसू नका. पण पित्ताशय गेलं तरी यकृतातली चरबी जागच्या जागी राहते, हे ऑपरेशननंतर पेढे वाटणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

ती उतरवायची तर वजन उतरवायला हवं. सात ते दहा टक्के उतरलं तर यकृताची सूजही कमी होते. इथे एक गंमत आहे. लग्न महिन्यावर आलं म्हणून कुणी उपाशी राहून आठवड्याला दीड किलोच्या वर वजन पाडलं, की साठ्यातलं कोलेस्टेरॉल भसाभस पित्तात उतरतं. जेवणात स्निग्ध काही नसल्यानं पित्ताशय आकुंचन पावत नाही, आणि नवे खडे होतात. म्हणूनच लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने अनेकांना अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. बाकीच्यांनी आठवड्याला अर्धा किलो धरून चालावं, आणि पोळीवरचं चमचाभर तूप बंद करू नये.