वृंदगान शिकवताना

श्रोतेहो, नमस्कार. शाळेत वृंदगान बसवायला उभा राहणारा शिक्षक बहुधा स्वतः चांगला गाणारा असतो, आणि म्हणूनच मुलांबरोबर सतत गात राहण्याची सवय त्याला सर्वांत आधी मोडावी लागते; कारण स्वतःचा आवाज कानात भरलेला असताना समोरच्या चाळीस गळ्यांपैकी कोणाचा सूर उतरला हे कळत नाही.

हाताच्या खुणा लवकर येतात. चार मात्रांसाठी हात खाली, आत, बाहेर आणि वर जातो, एवढे दोन दिवसांत अंगवळणी पडते. खरी कसोटी गाणे सुरू होण्यापूर्वीच्या एका मात्रेत आहे. हात वर उचलताना संचालकाने नेमक्या त्याच लयीत श्वास घेतला, तर मुलेही नकळत तसाच श्वास घेतात आणि पहिला शब्द एकदम उमटतो. हात घाईने उचलला गेला, तर मागाहून टाळ्या वाजवून लय सावरत बसावे लागते.

दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे ‘सा’ किती उंचीवर धरायचा याचा. पुरुषांना पेटीची काळी एक किंवा दोन सोयीची, तर स्त्रियांना काळी चार किंवा पाच. त्यामुळे मिश्र वृंदाला एकच चाल एकाच पट्टीत दिली की कोणाचा तरी गळा ताणला जातो. चर्चमधील गायनाने यावर सोप्रानो आणि आल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच व खालचे आवाज) असे विभाग करून वाट काढली, आणि संगीतकार सलील चौधरी यांनी १९५८ साली मुंबईत ‘बॉम्बे यूथ क्वायर’ स्थापन करून ती रीत आपल्याकडच्या लोकधुनांपर्यंत आणली. नवख्या वृंदाने मात्र थेट चार विभागांच्या चार वेगळ्या स्वरावलींच्या मागे लागू नये, असे मला वाटते. एका गटाने तानपुऱ्यासारखा षड्ज (सा) धरावा, दुसऱ्याने चाल गावी आणि नंतर गटांची अदलाबदल करावी. आपला सूर न सोडता दुसऱ्याचा ऐकणे मुले यातूनच शिकतात.

आठवी-नववीतल्या, आवाज फुटू लागलेल्या मुलांना मागच्या रांगेत उभे करून नुसते ओठ हलवायला सांगितले जाते. हा त्या मुलांवर अन्याय आहे. त्यांचा गळा ज्या दोन-तीन स्वरांवर स्थिर राहतो ते आधी शोधावेत, त्यांतला एखादा षड्ज किंवा पंचम (प) ठरेल अशी पट्टी निवडावी आणि तो धरून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.